वाटेवरच्या देवाचे दगड

सोप्या रस्त्याचा मला संशय येतो. खड्डे असले, चढ असला, वळणावर समोरून ट्रक आला, तर मी निवांत असते. काय वाईट आहे ते डोळ्यांसमोर असतं. पण गाडी खडीवरून नुसती करकरत, न हिंदकळता, दोन्ही बाजूंच्या सागांमधून आपली आपण पुढे जायला लागली, की मी सीटच्या कडेला येऊन बसते. इतकं बरं चाललंय म्हणजे कुठेतरी काहीतरी शिजतंय. हा स्वभाव मला आईकडून आलाय. आई नारळ घेताना तो कानाशी धरून हलवते, बोटाने वाजवते, आणि मग दुकानदाराच्या तोंडाकडे बघते. नारळ कसा निघणार ते तिला त्या तोंडावरून कळतं म्हणे.

परवा माघ निम्मा सरला तेव्हा जुईने पुन्हा त्याच रस्त्याला गाडी घातली. जुई माझ्या दादाची मुलगी, माझी भाची. पनवेलला नोकरी करते, गाडी स्वतः चालवते आणि चालवताना बडबडते. पुढे तिच्या शेजारी आई, मागे मी. आईला रोह्याला डोळे दाखवायला न्यायचं होतं. मोठ्या रस्त्याने हाडं खिळखिळी होतात, त्यापेक्षा जंगलातून जाऊ, आजीला बरं वाटेल, असं जुईचं म्हणणं. त्या रस्त्याने आजीला मुळीच बरं वाटत नाही, हे मला ठाऊक होतं. 

आमचं गाव कासू स्टेशनपासून आत, डोंगराच्या पायथ्याला. गावामागून हा रस्ता निघतो, जंगलातून वळणं घेत जातो आणि अष्टमी गावाच्या अंगाला उतरतो. तिथून कुंडलिकेवरचा पूल ओलांडला की रोहा. कधीकाळी लाकडाच्या ट्रकांसाठी केलेला हा रस्ता. डांबर त्याला कधी लागलं नाही. मुरूम आणि बारीक खडी, आणि त्यावर दर साल सागाचा पाला पडून चाकांखाली कुटला जातो, म्हणून तो पायाला आणि चाकाला मऊ लागतो. अशा रस्त्यावर गाडी शिकावी, इतका सोपा. जुई शिकली ती इथेच.

आणि हे दिवस. बाकीच्या झाडांची पानं गळतात, सागाची पानं पडतात. एक पान सुटलं की फांद्यांना आपटत, थांबत, पुन्हा सुटत खाली येतं, आणि खालच्या वाळक्या पानांवर पडलं की कोणीतरी पाऊल टाकल्यासारखा आवाज होतो. आपण वळून बघतो. कोणी नसतं. पुन्हा तसाच आवाज. माघातल्या जंगलात माझ्यासारखीने जाऊच नये. उन्हाळ्याआधीच सगळं उघडंबोडकं झालेलं असतं, लांबपर्यंत दिसतं, आणि दिसत असूनही भरवसा वाटत नाही. मधूनच एखादी काटेसावर, अंगावर एक पान नाही आणि लालभडक फुलं. ऐनाची झाडं तर खांबासारखी उभी, कारण त्यांच्या फांद्या राबासाठी उतरवलेल्या असतात. भाताचं रोप जिथे करायचं तिथे फांद्या, पाला, शेण पसरून जाळतात, त्याला आम्ही राब म्हणतो. तो धूर गावावर दिवसभर रेंगाळतो आणि धुतलेल्या लुगड्यांनासुद्धा त्याचा वास लागतो. त्याच्याखाली वालाच्या शेतांचा हिरवा, थोडा उग्र वास. हे दोन वास एकत्र आले की मला आजही एका जीपची मागची सीट दिसते, आणि तिच्यावर उशी ठेवून बसलेली माझी वहिनी.

मी तेव्हा रोह्याच्या कॉलेजात होते. बाबा मी लहान असतानाच गेलेले. दादा डोलवीला कंपनीत कंत्राटावर लागला होता. शिफ्ट करून आला की झोपायचा, उठला की शिफ्टला जायचा. घरात आई, मी आणि शैलावहिनी. वहिनीला तिसऱ्यांदा दिवस गेले होते. पहिल्या दोन वेळी राहिलं नव्हतं. दुसऱ्या वेळी एसटीने रोह्याहून परत येताना वाटेतच तिच्या पोटात कळ आली होती, आणि घरी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. ती नंतर कितीतरी दिवस एसटीचा आवाज ऐकला की आत जाऊन बसायची. या खेपेला रोह्याच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की इंजेक्शनाला दर पंधरवड्याला यायचं, आणि हादरा म्हणून बसता कामा नये. या खेपेला गेलं तर पुन्हा आशा धरू नका, असंही त्या म्हणाल्या होत्या. घरात ते वाक्य पुन्हा कोणी उच्चारलं नाही, पण स्वयंपाकघरात, अंगणात, सगळीकडे ते होतंच.

म्हणून उस्मानचाचांची जीप. चाचा अष्टमीचे. आखातात खूप वर्षं काढून परत आले आणि आणलेल्या पैशातून जीप घेतली. बाबांशी त्यांची जुनी ओळख, तांदूळ न्यायला यायचे तेव्हाची. पंचावन्नच्या पुढचे असतील, दाढी पिकलेली, गाडी चालवताना तोंडात लवंग. मोठ्या रस्त्याचं नाव काढल्यावर त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, जंगलातून नेतो, पोरीला कळणारपण नाय. आणि खरंच कळायचं नाही. वहिनी डोळे मिटून बसायची आणि मी तिच्या तोंडाकडे बघत बसायची. रस्त्यात एकच वाईट जागा होती. एका वळणानंतर ओहोळाने रस्ता आडवा कापला होता. पावसात पाणी, एरवी कोरडा चर. तिथे जीप आधी नाकावर पडायची, मग मागे बसायची. पहिल्या खेपेला वहिनीने तिथे माझा हात असा धरला की बांगडी पिचली.

त्या वळणावर देव आहे. त्याला नाव नाही, वाटेवरचा म्हणतात. एका ऐनाखाली शेंदूर फासलेला दगड आणि शेजारी दगडांची रास. जाणाऱ्याने एक दगड ठेवायचा, नीट ने म्हणायचं, मागे बघायचं नाही. दगड आपला आपण आणायचा, कारण आसपास शोधून मिळत नाही; पिढ्यान्‌पिढ्या सगळे देवाकडे जमा झालेत, खाली उरलाय नुसता मुरूम. आई तर घरूनच पदरात बांधून द्यायची, अंगणातला, धुतलेला. रास माझ्या कमरेच्या वर होती. त्या माघात ती गुडघ्याला आली.

पहिल्यांदा मला वाटलं, आपल्यालाच भास होतोय. पुढच्या खेपेला मी दगड ठेवताना मुद्दाम वाकले नाही, आणि हात राशीला टेकला नाही. रास आणखी उतरली होती. आता देवाचे दगड नेऊन कोण काय करणार? घराचा पाया घालणार? आमच्याकडे त्या राशीतला दगड कोणी पायाने उडवतसुद्धा नाही. पोराने उचलला तर त्याला तिथेच ठेवायला लावतात आणि नाक घासायला लावतात. गावात चोऱ्या होत नव्हत्या असं नाही, पण ही चोरी करायला हात धजावणार नाही कोणाचा. निदान गावातल्या कोणाचा.

मग माझं लक्ष चाचांकडे गेलं. म्हणजे ते आधीपासूनच होतं. कारण चाचा हॉर्न वाजवायचे. रस्त्यावर चिटपाखरू नसताना, वळण लांब असताना, हा माणूस एकदम हॉर्नवर हात ठेवायचा आणि बराच वेळ ठेवायचा. वहिनी दचकायची. मी विचारलं, तर म्हणाले की जनावर असतं. कसलं जनावर? त्या जंगलात एक भेकर दिसलं तर गावात चार दिवस त्याचंच बोलणं होतं. मला वाटायचं, ही खूण आहे. सागावर डोळा ठेवणारे लोक तेव्हाही होते. कोणी आत करवत चालवत असेल तर त्याला इशारा. मी पानांच्या आवाजाकडे कान लावून बसायची आणि मला पावलं ऐकू यायची. सागाची पानं होती ती, पण मला त्यांचाही संशय.

आणि तो चर. तो भरत चालला होता. प्रत्येक खेपेला जीप तिथे कमी पडायची. एकदा चाचांनी गाडी अगदी हळू घातली तेव्हा मी खाली वाकून बघितलं. चरात दगड नीट बसवलेले होते, मोठे तळाला, बारीक वर, फटींत मुरूम. त्यातल्या एकावर शेंदराचा ओघळ होता. देवाला टेकून असलेल्या दगडांवरच तसा ओघळ असतो. मी पुढे बघितलं, आरशात चाचांचे डोळे माझ्यावर होते. त्यांनी लवंग गालात फिरवली आणि नजर काढून घेतली. झालं, माझा हिशेब जुळला. गाडी कोणाची? चाचांची. स्प्रिंगचे पाटे कोणाचे तुटणार? चाचांचे. आणि तो देव काही त्यांचा नव्हे.

घरी येऊन मी आईला सांगितलं. आई चुलीपुढे होती. ती दोन दिवस कंबर धरून चालत होती, राबाच्या फांद्या ओढून असं म्हणत होती, आणि तिची बोटं सोलवटली होती. माझं सगळं ऐकून घेतलं आणि ती अशी काही तडकली की वहिनी आतून बाहेर आली. कोण मेला तो, हात झडतील त्याचे, म्हणाली. हे ती दोनदा म्हणाली. मग वहिनीला बघून म्हणाली, तू का उठलीस गो, आणि कालची आमटी खारट झाली होती. वहिनीशी ती कायम असंच बोलायची. गोड शब्द तिच्या तोंडातून मी ऐकला नाही, आणि वहिनीनेही ऐकला नसावा. मला तर कधीकधी वाटायचं की आईला हे मूल हवं आहे की नाही.

मी काही गावभर सांगत सुटले नाही. विहिरीवर एकीला सांगितलं. तेवढं पुरलं.

पोपटीचे दिवस होते. वालाच्या शेंगा भरल्या की शेतातच मडकं लावायचं. तळाला भांबुर्ड्याचा पाला, वर शेंगा, मीठ, ओवा, कांदे-बटाटे, कोणी अंडी घालतं, आणि तोंडाला पुन्हा पाला कोंबून मडकं उपडं घालून भोवती पेंढा आणि काटक्या पेटवायच्या. भांबुर्डं म्हणजे शेतात उगवणारं एक रानटी झुडूप, पण त्याच्या वासाशिवाय पोपटी होत नाही. सूर्य डोंगराआड गेला होता. चाचा वहिनीला डॉक्टरकडून परत घेऊन आले होते, आणि दादाने त्यांना आग्रह करून थांबवलं होतं. वहिनी खाटेवर, आई तिच्या पायाशी, आम्ही बाकीचे जाळाभोवती. मडकं निघालं. शेंगा पाटीत ओतल्या, वाफ सगळ्यांच्या तोंडावर आली. आणि धोंडूमामांनी, गावात चार लोक ज्यांचं ऐकतात ते आमचे शेजारी, शेंग सोलता सोलता विषय काढला.

मामा वाईट माणूस नव्हते. आवाजही चढवला नाही. ते म्हणाले की देवाचे दगड रस्त्यात टाकलेत, लोकांनी डोळ्यांनी बघितलंय, गाव अस्वस्थ आहे. उस्मानशेठ, तुम्ही समजून घ्या. उद्यापासून तुमची गाडी त्या वाटेने नको.

शेंगा सोलणारे हात थांबले. मी चाचांकडे बघितलं.  त्यांनी एक शेंग उघडली, दाणे काढून तळहातावर ठेवले, खाल्ले नाहीत. मला वाटलं, सापडला. दादा म्हणाला की मग हिला न्यायचं कसं. वहिनी खाटेवर पोटावर दोन्ही हात ठेवून बसली होती. डोलवीच्या दिशेला कंपनीच्या उजेडाने आकाश नेहमीसारखं तांबूस दिसत होतं. चाचा हात झटकून उठायला लागले.

तेव्हा आई म्हणाली, "बसा तुम्ही. दगड मी नेलेत."

कोणाला ते नीट कळलंच नाही. मामांनी, काय म्हणालीस, असं विचारलं. आई उभी राहिली. तिने पदर खोचला, भांडायला उभी राहते तशी. राबाच्या पाल्याला म्हणून जायची, हाऱ्यात, म्हणजे मोठ्या टोपलीत, खाली दगड आणि वर पाला, असं तिने सांगितलं. कधी दुपारी, कधी आम्ही जीपमधून रोह्याला गेलो की पायवाटेने मागोमाग. आजूबाजूला दुसरा दगड नाही हे सगळ्यांना माहीत होतं.

कडेला बसलेली एक म्हातारी म्हणाली, देव कोपला तर गो.

"माझ्यावर कोपंल," आई म्हणाली. "दगड मी उचललेत, हिनं नाय. देव बसूनच हाय तिथं, त्याला कुठं जायचंय? हिला जायचंय."

हात झडतील, हे तिने स्वतःलाच म्हटलं होतं, हे मला तेव्हा उमगलं. वहिनी रडत होती. आईने तिला, रडू नको, कळ येईल, म्हणून दटावलं आणि शेंगांची पाटी तिच्यापुढे सरकवली. मामांनी मूठभर शेंगा चाचांपुढे ठेवल्या. मग चाचांना म्हणाले, खा शेठ, गार होताहेत. गाडी बंद करायचा विषय पुन्हा निघाला नाही. माफी वगैरे कोणी मागितली नाही; आमच्याकडे तशी पद्धत नाही, माणसाच्या पुढ्यात शेंगा वाढतात.

हॉर्नचं मी चाचांना नंतर विचारलं, तेही संशयानेच. त्यांनी पहिल्याच खेपेला परत येताना आईला बघितलं होतं, वळणावर, डोक्यावर हारा, रस्त्याच्या मधोमध. गाडी बघून ती झाडामागे झाली होती, आणि मी तेव्हा वहिनीच्या तोंडाकडे बघत होते. "बाईमाणूस एकटी, डोक्यावर देवाचे दगड," चाचा म्हणाले. "आडोसा घ्यायला वेळ नको?" मग पोपटीच्या वेळी का नाही बोललात, असं मी विचारलं. ते म्हणाले, भाभींचं होतं ते, भाभींनी बोलायचं.

वैशाखात एका दुपारी वहिनीला कळा सुरू झाल्या. चाचांनी त्याच रस्त्याने जीप नेली. आता सागांना पान नव्हतं, ऊन थेट टपावर पडत होतं, आणि कुसुंबाची नवी पालवी लाल दिसत होती. चर कुठे आला आणि गेला ते वहिनीला कळलं नाही. अंगणातून गेल्यासारखे आम्ही त्यावरून गेलो. मी खिडकीतून हात जोडले. आईने तोंड दुसरीकडे फिरवलं. संध्याकाळी जुई झाली, चांगली रडकी, हातापायांनी धडधाकट. नर्सने आईच्या हातात दिली तेव्हा आईने तिला उलटसुलट करून बघितलं, बोटं मोजली, कानामागे बघितलं. नारळवाल्यावर ठेवायची तसला अविश्वास.

तो अविश्वास तिथे संपला नाही. जुईला पहिला ताप आला तेव्हा आई रात्रभर तिच्या उशाशी बसली आणि सकाळी म्हणाली, त्याचं असंल. कोणाचं, ते सांगितलं नाही. दात येताना ताप, गोवर, शाळेत पडून हात मोडला, बारावीला कावीळ, प्रत्येक वेळी आई त्या वळणाच्या दिशेला बघायची. राबाची राख उडायला लागली, सागाची पानं पडायला लागली की तिचं खाणं कमी व्हायचं. ते दिवस त्याच्या वसुलीचे, असं तिने मनाशी धरलेलं. आम्ही समजावलं, रास पुन्हा भरली, लोकांनी कधीच मनातून काढलं. तिने काढलं नाही. त्या वाटेने जाताना ती जीपमधून उतरली नाही, दगड ठेवला नाही. कोणत्या तोंडाने ठेवू, असं एकदा म्हणाली होती. दुसऱ्यांदा म्हणाली, ठेवला तर तो ओळखंल मला.

आता ती ऐंशीला टेकलीय. हात थरथरतात. डॉक्टर त्याला वयाचं म्हणतात. आई त्या हातांकडे बघते, आणि ते बघणं मला बघवत नाही.

परवा वळण जवळ आलं तेव्हा जुई तिच्या ऑफिसातल्या कुणाचं तरी सांगत होती. पानं पडत होती, मागून कोणी चालत असल्यासारखा आवाज येत होता. रास आता माझ्या खांद्याला येईल. चरावर आता मोरी बांधलीय, आणि ते आईचे दगड त्या मोरीच्या पोटात असतील. जुईने नेहमीसारखी गाडी हळू केली. थांबू का आजी, असं विचारलं, आणि आई नेहमीसारखी, नको, म्हणाली.

आणि मग तिचा थरथरता हात पुढे आला. गिअरवरच्या जुईच्या हातावरून वर गेला, आणि उपड्या तळव्याने तिने जुईची मान चाचपली, कानाखाली, जिथे ताप आधी लागतो. जुईला ही आजीची माया वाटते. तिशी उलटून गेली तरी आजी या वळणावर लाड करते म्हणून ती हसते. तिला कोणी सांगितलेलं नाही.

"मी बरी हाय आजी," जुई म्हणाली.

आईने तिच्याकडे बघितलं नाही. ती काचेतून त्या शेंदराच्या दगडाकडे बघत होती, आणि हात जुईच्या मानेवर तसाच. गाडी पुढे गेली तशी आई सीटवर वळली, आणि वळण संपेपर्यंत मागे बघत राहिली. तिथे मागे बघायचं नसतं, हे आम्हाला तिनेच शिकवलं होतं. पण देव बसूनच आहे तिथे, आणि एवढी वर्षं झाली तरी आई त्याच्यावर नजर ठेवून आहे.